प्रकाशाचे हत्यार आणि आपला कारखानी पट्टा



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस पगारवाढ आणि बोनस सोडून शस्त्रास्त्रांच्या इतिहासावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. आमचे उत्तर असे की, हत्यार रणांगणावर चालते, पण ते तयार होते कारखान्यात. त्यासाठी कोणी तरी पत्रा कापतो, कोणी आरसा घासतो, कोणी दारू भरतो, कोणी तारा जोडतो. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे येतात, अलीकडे शास्त्रज्ञांचीही येऊ लागली आहेत. या तिसऱ्या माणसाचे नाव मात्र येत नाही. आज त्याच्या बाजूने हा इतिहास पाहावा असा आमचा विचार आहे.

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, ३० किलोवॅट शक्तीच्या लेसर शस्त्राची चाचणी घेतली. स्थिर पंखांचे एक मानवरहित विमान आणि ड्रोनचा एक थवा यांवर प्रकाशाचा झोत रोखून ती निकामी करण्यात आली. ना गोळी सुटली, ना आवाज झाला. हे सामर्थ्य असलेल्या मोजक्या राष्ट्रांत भारत जाऊन बसला, असे सरकारने जाहीर केले. वर्तमानपत्रांनी नेहमीप्रमाणे पुराणांतल्या अस्त्रांची आठवण काढली. पुराणांचा आम्ही आदर करतो. परंतु ही गोष्ट आग्नेयास्त्राच्या मंत्रातून आलेली नाही. ती साठ-पासष्ट वर्षांच्या कष्टांतून, पुष्कळशा फसलेल्या प्रयत्नांतून आणि शेवटी पत्रे कापणाऱ्या यंत्रांतून आली आहे, आणि तिचे दोनतीन धागे आपल्या पुणे जिल्ह्यातून जातात.

१. दारूगोळ्याचा मुलूख

खडकीपासून चाकणपर्यंतचे अंतर सुमारे तीस किलोमीटर. या टापूत कारखानदारी आली ती मोटारींबरोबर, असे आपल्या तरुण मंडळींना वाटते. वस्तुतः ती आली दारूगोळ्याबरोबर. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांनी तेथेच लष्करी तळ बसवला आणि १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना काढला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत १९५४ साली आला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. म्हणजे पिंपरीत पहिली मोठी चिमणी उभी राहिली तेव्हा खडकीत काडतुसे भरणाऱ्या हातांची तिसरी पिढी कामावर होती. दुसऱ्या महायुद्धात खडकीत उच्च स्फोटकांचा कारखाना निघाला, आणि पुढे देहूरोडलाही आयुधनिर्माणी आली.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांच्या जोडीला संशोधन आले. १९५८ साली डीआरडीओची स्थापना झाली आणि त्याच वर्षी शस्त्रास्त्रांचे संशोधन करणारी, पुढे पाषाणला नांदलेली संस्था अस्तित्वात आली. १९६० साली स्फोटकांची प्रयोगशाळा पुण्यात आली. तीच आज सुतारवाडीची उच्च ऊर्जा द्रव्यांची प्रयोगशाळा. आळंदीच्या वाटेवर दिघीला लष्करी पूल आणि क्षेपणास्त्रांचे वाहनारूढ प्रक्षेपक तयार करणारी संस्था उभी आहे. पिनाका अग्निबाणाच्या जडणघडणीत पाषाण आणि सुतारवाडीच्या संस्थांचा हात आहे.

या साऱ्या उद्योगाचे मूळ तत्त्व एकच होते. ऊर्जा रासायनिक रूपाने एका डब्यात कोंडायची, तो डबा शत्रूपर्यंत पोचवायचा आणि तेथे ती ऊर्जा मोकळी करायची. काडतूस घ्या, तोफगोळा घ्या, अग्निबाण घ्या, हिशेब तोच. म्हणून दर वाराला एक डबा खर्ची पडतो, आणि तो डबा भरणारा कामगार रोज मरणाशेजारी बसतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार दगावले, ही गोष्ट जुनी झालेली नाही. लेसर शस्त्रात हा हिशेब बदलतो. ऊर्जेचे भांडार आपल्याजवळच राहते, शत्रूकडे जातो तो केवळ प्रकाश. हा बदल केवढा मोठा आहे हे कळण्यासाठी लेसर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू.

२. पाऊल मिळवून चालणारा प्रकाश

पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकातून माणसे बाहेर पडतात. कोणी घाईत, कोणी रेंगाळत, कोणी चहाच्या टपरीकडे, कोणी सायकलीच्या तळाकडे. दिव्याचा प्रकाश तसा असतो; त्यातल्या लाटा वाटेल तेव्हा वाटेल त्या दिशेला निघतात. आता तीच माणसे एका घोषणेवर, एका पावलाने, एकाच रस्त्याने मोर्चाने निघाली तर त्यांचा जो प्रभाव पडतो तो लेसरचा प्रकाश होय. संख्या तीच, पण दिशा आणि पाऊल एक.

हे घडू शकेल असे १९१७ साली आइन्स्टाइन यांनी कागदावर दाखवले. उत्तेजित अणूजवळून योग्य तऱ्हेचा प्रकाशकण गेला, तर तो अणूही नेमका तसाच, त्याच पावलाचा कण बाहेर टाकतो. एकाचे दोन, दोनाचे चार. कागदावरची ही गोष्ट हातात यायला त्रेचाळीस वर्षे लागली. चार्ल्स टाउन्स आणि आर्थर शॉलॉ यांनी १९५८ साली तिचा शास्त्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास गॉर्डन गूल्ड नावाच्या संशोधकाने आपल्या वहीत तीच कल्पना लिहून ठेवली होती आणि 'लेसर' हे नावही दिले होते.

या गूल्ड यांची हकीकत कामगार चळवळीतल्या माणसाने विसरू नये अशी आहे. त्यांच्या कंपनीने १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तीन लाख डॉलर मागितले. खात्याने जवळजवळ दहा लाख दिले. मागितले त्याच्या तिप्पट! यावरून लष्कराला या प्रकाशात पहिल्या दिवसापासून काय दिसत होते ते कळते. पण काम गुप्त ठरले, आणि गूल्ड तरुणपणी मार्क्सवादी अभ्यासमंडळात जात असत म्हणून त्यांना गुप्ततेचा परवाना नाकारण्यात आला. कल्पना त्यांची, पैसा त्यांच्या नावाने आलेला. पण त्यांच्याच कामाचे दार त्यांना बंद झाले. त्यांना एकस्वाचे हक्क मिळू लागले ते १९७७ पासून, दीर्घ कोर्टकचेऱ्यांनंतर.

प्रत्यक्ष पहिला लेसर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. बोटाच्या पेराएवढी माणकाची कांडी आणि तिच्याभोवती छायाचित्रकाराच्या दिव्यासारखा मळसूत्री दिवा, एवढाच सरंजाम. बातमी फुटताच वर्तमानपत्रांनी 'मृत्युकिरण' म्हणून ठळक मथळे दिले. मृत्युकिरण प्रत्यक्षात यायला अजून अर्धे शतक जायचे होते.

३. बारामतीचा विद्यार्थी

येथे आपल्या जिल्ह्याचा पहिला धागा येतो. चंद्र कुमार पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ चा, बारामतीचा. १९५८ साली ते पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले, अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टर झाले आणि १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ते कामाला लागले तेव्हाचे लेसर फार दुबळे होते. पटेल यांनी कर्बद्विवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, निवडला. आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो तोच हा वायू. १९६४ साली त्यांनी त्यातून अखंड लेसर झोत काढून दाखवला. पुढे त्यात नायट्रोजन आणि हीलियम मिसळून झोताची शक्ती इतकी वाढवली की थोड्याच काळात ती शंभर वॅटच्या घरात गेली. लेसर हे प्रयोगशाळेतले खेळणे न राहता काम करणारे यंत्र होऊ शकते, हे या शोधाने सिद्ध केले. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

पटेल यांचे संशोधन मूलभूत होते. परंतु हा वायू दोन वाटांनी गेला. एक वाट कारखान्याकडे गेली. मे १९६७ मध्ये इंग्लंडमधील वेल्डिंगच्या संशोधन संस्थेत पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॅटच्या कर्बवायू लेसरला प्राणवायूच्या फवाऱ्याची जोड दिली आणि एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला. दुसरी वाट लष्कराकडे गेली. अमेरिकेत अग्निबाणाच्या इंजिनासारखा तप्त वायू नळीतून भन्नाट वेगाने सोडून प्रचंड शक्तीचे लेसर बांधण्यात आले. १९७३ साली अशा लेसरने एक लक्ष्यविमान पाडले. १९८३ साली विमानात बसवलेल्या लेसरने पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रे निकामी केली. त्याच वर्षी २३ मार्चला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षण देणाऱ्या महायोजनेची घोषणा केली आणि अंतराळात लेसर टांगण्याची स्वप्ने रंगू लागली.

ही स्वप्ने का विरली, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रकाशाचा झोत कितीही सरळ असला तरी दूर जाता जाता पसरतोच, आणि किती पसरणार हे लाटेच्या लांबीवर अवलंबून असते. कर्बवायू लेसरची लाट १०.६ मायक्रोमीटर लांब. एक मीटर व्यासाच्या निर्दोष आरशातून हा झोत दहा किलोमीटरवर रोखला, तर तेथे त्याचा ठिपका सुमारे सव्वीस सेंटीमीटरचा, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा होतो. ताटभर पसरलेल्या उष्णतेने धातू वितळत नाही, तापतो फक्त. त्यात हवा आडवी येते. धूळ, वाफ, धुके हा प्रकाश पितात; आणि झोताने तापलेली हवा स्वतःच भिंगासारखी होऊन झोत फाकवते. यंत्रे अवाढव्य, इंधन घातक, आणि झोत ठरलेल्या ठिकाणी स्थिर ठेवणे कठीण.

कर्बवायू मागे पडला आणि रासायनिक लेसर पुढे आले. त्यांतल्या एकाला वाहून न्यायला अमेरिकेला अख्खे बोइंग ७४७ विमान लागले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने उडते क्षेपणास्त्र पाडलेही. पण शत्रूच्या सीमेवर हे धूड घिरट्या घालणार कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. पाच अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून २०११ साली ती योजना गुंडाळण्यात आली. शस्त्र चालते हे सिद्ध होणे आणि ते सैन्याच्या उपयोगी पडणे यांत केवढे अंतर असते, त्याचा हा धडा आहे.

४. पत्र्याच्या शेडमधून रणांगणाकडे

सेनापतींची वाट अशी खुंटली असताना कारखान्याची वाट मात्र शांतपणे चालू होती. कर्बवायू लेसरने पत्रे कापणारी यंत्रे आपल्या भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण भागांत आली. ती चालवणे हे एक कसब होते. झोत आरशांवरून वळवून नोझलपर्यंत आणावा लागे. आरसा केसभर सरकला तरी कड खडबडीत येई. आरसे पुसणे, झोत जुळवणे, वायूंचे प्रमाण राखणे, हे सारे हाताला कळावे लागे. त्यात तरबेज झालेल्या कारागिरांना मालक सहसा दुखवीत नसत.

मग आला काचतंतूचा लेसर, ज्याला आपल्या शेडांत सारे 'फायबर' म्हणतात. त्याचे मूळ जुने आहे. इलायस स्निट्झर यांनी १९६० नंतरच्या दशकातच काचेच्या तंतूत लेसरक्रिया दाखवली होती. परंतु त्याला कारखान्याचे बळ आणले ते रशियन शास्त्रज्ञ व्हॅलेंटिन गापोन्त्सेव्ह यांनी १९९० नंतर काढलेल्या कंपनीने. यात वायू नाही, आरशांची रांग नाही; केसासारख्या तंतूत इटर्बियम नावाचे द्रव्य मिसळलेले असते आणि झोत तंतूतूनच थेट नोझलकडे येतो. त्याची लाट १.०७ मायक्रोमीटरची, म्हणजे कर्बवायूच्या लाटेच्या एक दशांश. पोलाद तो अधिक चांगला शोषते. कर्बवायूचे यंत्र शंभर भाग विजेतून दहाएक भाग प्रकाश देई. हा तीस आणि त्याहून अधिक देतो. मोटारउद्योगाने हे यंत्र उचलले. मागणी वाढली तशी किंमत उतरली, किंमत उतरली तशी मागणी वाढली, आणि प्रत्येक नव्या यंत्रागणिक त्याची शक्ती आणि टिकाऊपणा वाढत गेला.

आता मघाचे गणित पुन्हा मांडा. तोच एक मीटरचा आरसा, तेच दहा किलोमीटर. पण ठिपका सव्वीस सेंटीमीटरांचा न राहता अडीच-पावणेतीन सेंटीमीटरांचा, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. क्षेत्रफळ शंभरपट लहान. म्हणजे शंभराव्या हिश्शाच्या शक्तीत तीच धग! प्रत्यक्षात हवेमुळे इतका लाभ पदरात पडत नाही, पण गाडी रुळावर आली. २०१४ साली अमेरिकेच्या आरमाराने इराणच्या आखातात 'पॉन्स' या जहाजावर ३० किलोवॅटचे लेसर शस्त्र ठेवले. ते कशाचे बनले होते? बाजारात मिळणारे, वेल्डिंगसाठी बनवलेले सहा काचतंतू लेसर एकत्र बांधून. अब्जावधी डॉलरांच्या गुप्त योजनांना जे साधले नाही, ते पत्रा जोडणाऱ्या यंत्राने साधले.

या इतिहासाचा आम्हांला उमगलेला गाभा हाच आहे. शोध एका क्षणात लागतो. पण तो पिकतो हजारो शेडांत, लाखो तासांच्या वापराने. यंत्र कुठे तापते, काच कुठे तडकते, धूळ कुठे शिरते, हे ज्यांनी पाळीपाळीला पाहिले आणि तक्रारवहीत लिहिले, त्यांच्या अनुभवावर पुढचे यंत्र सुधारले. शस्त्र प्रौढ झाले त्यात या अनुभवाचा वाटा आहे. त्याचे मोल कोणत्याही करारात लिहिलेले नाही.

५. चित्रदुर्ग ते कर्नूल

भारतातला प्रयत्नही लहान नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० नंतरच्या दशकातच लेसरचे काम सुरू झाले. पुढे इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्र निघाले. त्याचे संस्थापक-संचालक दिलीप देवीदास भवाळकर हे सागरचे मराठी शास्त्रज्ञ. ते काम मुख्यतः संशोधन, उद्योग आणि वैद्यक यांसाठी होते. लष्करी लेसरचे काम दिल्लीच्या मेटकाफ हाउसमधील प्रयोगशाळेत चाले. तेथेही प्रथम वायूंचे आणि रासायनिक लेसरच केले गेले, आणि जगाप्रमाणेच पुढे वळण काचतंतूकडे घ्यावे लागले. आज हे काम हैदराबादची 'चेस' ही संस्था पाहते.

२०१७ साली कर्नाटकात चित्रदुर्ग येथे ट्रकवर बसवलेल्या १ किलोवॅटच्या लेसरची चाचणी झाली. लक्ष्य होते २५० मीटरवरचा धातूचा पत्रा, आणि त्याला भोक पडायला ३६ सेकंद लागले. ड्रोन काही ३६ सेकंद एका जागी थांबून आपल्याला भोक पाडू देत नाही. तेथून आठ वर्षांत देश ३० किलोवॅटपर्यंत आला. ३० किलोवॅट म्हणजे आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे पंधरा गीझर एकाच वेळी नाण्याएवढ्या जागेवर चालवणे. एवढा प्रकाश काढायला शंभर किलोवॅटच्या आसपास वीज लागते, आणि उरलेले सत्तर किलोवॅट यंत्रातच उष्णता होऊन साठतात. म्हणून या शस्त्राचे निम्मे काम प्रकाशाचे आणि निम्मे थंड पाण्याचे आहे. पंप, नळ्या, जनित्र, वाहनाचा सांगाडा, दोन अक्षांवर फिरणारे अचूक बैठे. ही सारी आपल्या पट्ट्याच्या हातची विद्या होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला लघुउद्योगांचे संरक्षण प्रदर्शन भरले ते काही उगाच नव्हे.

या शस्त्राची घाई का झाली, तेही पाहा. कर्नूलच्या चाचणीनंतर महिना उलटायच्या आत, ८ मेच्या रात्री, पाकिस्तानने सीमेवरील ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे आपल्या सरकारने सांगितले. स्वस्त ड्रोन पाडायला महागडे क्षेपणास्त्र खर्ची घालणे म्हणजे चिलटाला मारायला तोफ लावणे. ब्रिटनच्या 'ड्रॅगनफायर' लेसरचा एक वार सुमारे दहा पौंडांत पडतो असे त्यांचे संरक्षण खाते सांगते. इस्राएलने १०० किलोवॅटच्या वर्गातले आपले शस्त्र २०२५ अखेरीस सैन्याच्या हाती दिले. मात्र दहा पौंडांच्या वारामागे उभ्या राहिलेल्या यंत्राची किंमत त्या दहा पौंडांत धरलेली नाही, हे हिशेब जाणणाऱ्याने लक्षात ठेवावे. आणि हवेचा अडथळा अजून तसाच आहे. आषाढात लोणावळ्याच्या घाटावर जे धुके उतरते त्यात हा झोत फार लांब जाणार नाही. तोफेला धुक्याचे वावडे नाही. २०२२ पासून चाललेल्या युक्रेनच्या युद्धाने तर तोफगोळ्यांची मागणी जगभर वाढवली. तेव्हा लेसर आला म्हणून खडकीचा दारूगोळा उद्या बंद पडेल, असे भय घालणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. प्रकाश आणि दारू पुष्कळ वर्षे शेजारी नांदतील.

६. डोळ्यांचा करार

आता आपल्या घरचा प्रश्न. लेसरच्या इतिहासात एक गोष्ट माणुसकीची घडली. १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी एक मसुदा संमत केला. शत्रूच्या सैनिकाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेली लेसर शस्त्रे वापरू नयेत, असा त्याचा आशय. १९९८ साली तो अमलात आला, आणि भारतानेही तो मान्य केला आहे. जे शस्त्र अजून रणांगणावर रुळलेही नव्हते त्यावर आधीच बंदी घातली गेली, असे उदाहरण विरळाच.

सैनिकाच्या डोळ्यांना जगाने ही हमी दिली. कामगाराच्या डोळ्यांचे काय?

कर्बवायू लेसरचा झोत साध्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पडद्याने अडतो. जुन्या यंत्रांसमोर तसलेच पडदे असत आणि ते पुरत. काचतंतूच्या झोताला साधे ॲक्रिलिक अडवीत नाही. तो त्यातून आरपार जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, बुबुळातून आत शिरतो आणि डोळ्याचेच भिंग त्याला गोळा करून पडद्यावर नेमके रोखते. तेथे जळलेले पुन्हा भरून येत नाही. त्याला अडवणारी काच वेगळी असते, चष्मा वेगळा असतो, आणि ते महाग असतात. चांगल्या बंदिस्त यंत्राला अशी काच बसवूनच येते. पण आता हातात धरून चालवायच्या लेसर वेल्डिंगच्या बंदुका निघाल्या आहेत, एक, दीड, दोन किलोवॅटच्या. लहान शेडांत त्या झपाट्याने आल्या. आपल्या पट्ट्यातील एका शेडमध्ये आम्ही तीन वेल्डरांत मिळून एकच लेसरचा चष्मा पाहिला. बाकी दोघांनी साधे काळे गॉगल लावले होते. शेडचे नाव येथे घेत नाही, कारण प्रश्न एका शेडचा नाही.

चित्रदुर्गला २०१७ साली ट्रकवर चढवून ज्याला शस्त्र म्हटले ते १ किलोवॅटचे होते. भोसरीतल्या पोराच्या हातात आज दीड किलोवॅट आहे. दोन्हींची भिंगे वेगळी, पल्ला वेगळा, हे आम्ही जाणतो. हातातल्या बंदुकीचा झोत थोड्या अंतरावर फाकतो. परंतु चकचकीत स्टेनलेस पत्र्यावरून परतलेला तिचा कवडसा डोळ्यांना पुरेसा आहे. लष्करात या यंत्राजवळ जायला परवाना लागतो, शिक्षण लागते. शेडमध्ये ठेकेदाराने सकाळी आणलेला मुलगा दुपारी ते चालवू लागतो.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे पस्तिसावे कलम डोळ्यांच्या रक्षणासाठीच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली आहे. संहिता कोणतीही असो, ती शेडपर्यंत पोचते का हाच खरा सवाल. तिकडे सरकारी आयुधनिर्माण्यांची घडीही बदलली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांतली दारूगोळ्याची कंपनी, बारा कारखान्यांची, आपल्या खडकीत कचेरी थाटून बसली. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातला संप रोखणारा, वर्षभराच्या मुदतीचा कायदा आला. ज्या खडकीत एस. एम. जोशी यांनी संरक्षण कामगारांची संघटना वाढवली, त्या खडकीला ही गोष्ट लागली यात नवल नाही. संरक्षणाचे काम जसजसे मोठ्या निर्माणीतून लहान पुरवठादाराकडे जाईल, तसतसा कामगारही कायमचा न राहता कंत्राटी होईल. शस्त्र जितके नाजूक आणि अचूक, तितका ते घडवणारा हात मुरलेला हवा. आणि दर अकरा महिन्यांनी बदलला जाणारा हात मुरत नाही. हा देशाच्या संरक्षणाचाच प्रश्न आहे.

आमचे म्हणणे तीन ओळींत मावेल. जेथे लेसर यंत्र, तेथे प्रत्येक माणसाला त्या लाटेचा स्वतंत्र चष्मा आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी असावी. यंत्र हाती देण्यापूर्वी मराठीतून शिक्षण आणि त्याचा दाखला असावा. आणि संरक्षणाचे काम घेणाऱ्या पुरवठादाराच्या करारात पत्र्याची जाडी, आरशाची अचूकता यांच्याच जोडीला कामगाराच्या सुरक्षेची अट लिहिलेली असावी. पत्र्याची जाडी चुकली तर माल परत येतो. ही अट चुकली तरीही तो परत आला पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतले कोणी ना कोणी या पट्ट्यात कामाला असेल. आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा की, तुझ्या शेडमध्ये फायबरचे यंत्र आहे का, आणि असल्यास चष्मा किती जणांत एक आहे. उत्तर समाधानाचे नसेल तर संघटनेच्या कचेरीचे दार रात्री नऊपर्यंत उघडे असते.